देणाऱ्याची झोळी

१९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात वसईची सधन धर्मग्रामे आहेत, तसेच डहाणू-तलासरीचे वारली पाडेही आहेत. एखाद्या धर्मग्रामाने सायवनसारख्या गावाशी बहिणीचे नाते जोडावे, धान्य-कपडे धाडावेत, हे स्तुत्यच. भुकेल्याला आधी भाकरी हवी. पण नित्य देणारा आणि नित्य घेणारा यांच्यात भगिनीभाव नांदेल काय?

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत वारली जमले. वेठबिगार यापुढे करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्यांनी भिक्षा मागितली नाही. घामाचे दाम मागितले. न्यायाची उणीव दयेने भरून निघत नाही.

अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या ख्रिस्तसभेने १९६४ साली ग्वाटेमालातील सांतियागो आतित्लान या माया आदिवासींच्या धर्मग्रामाशी असेच नाते जोडले. १९६८ मध्ये तेथे गेलेले फादर स्टॅन्ली रॉथर आधी विद्यार्थी झाले. लोकांची त्झुतुहिल भाषा शिकले, त्यांच्यासोबत शेतात राबले. १९८१ साली त्यांची हत्या झाली. देह मायदेशी गेला. हृदय मात्र त्या गरिबांनी आपल्या चर्चमध्ये ठेवून घेतले.

प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीला जीवनजल देऊ करण्यापूर्वी तिच्याकडेच पाणी मागितले. आपणही पाड्यावर जाताना भरलेल्या पोत्यांसोबत एक रिकामी झोळी न्यावी: त्यांची भाषा, त्यांचे गाऱ्हाणे आणि आपल्याविषयीचे त्यांचे परखड मत घेण्यासाठी. ती भरून परत येईल, त्या दिवशी आपण दाते उरणार नाही, नातलग होऊ.