आडनावाची पात्रता

जो विषय आपण स्वतः अभ्यासला नाही तो मुलांना शिकवावा काय, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. आमच्या मते तो मूलतः नीतीचा आहे.

माध्यमिक शाळांतील नित्याचे उदाहरण घेऊ. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या शिक्षिकेची नियुक्ती ‘विज्ञान’ या एकाच नावाखाली होते आणि नववीची गती, दहावीचे प्रकाशाचे अपवर्तन तिच्याच वाट्याला येते. भौतिकशास्त्र तिने बारावीनंतर सोडलेले असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा असे सांगितले. परंतु नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

त्या शिक्षिकेस दोष देणे अन्यायाचे होईल. तिने नकार दिला तर तास रिकामा जातो. ‘हे मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगते’ असे तिने म्हणावे, हे खरे. पण तसे म्हणण्यासही आपल्याला काय येत नाही हे कळण्याइतके ज्ञान लागते. वर फेकलेला दगड क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचा वेग शून्य असला तरी त्वरण शून्य नसते, असे म्हणणाऱ्या मुलाला ‘चूक’ म्हणून खाली बसविले जाते, आणि झालेले नुकसान कोणालाच दिसत नाही. खुद्द त्या मुलालाही नाही.

हे लिहिताना बोट आमच्याकडेच वळते. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांत पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी वर्गणी काढून मराठी शाळा जगविल्या. अशाच एका शाळेच्या कार्यकारिणीवर असताना, मराठीचे शिक्षक निवृत्त झाल्यावर, आम्ही ते तास इतिहासाच्या बाईंकडे सोपविले. महाविद्यालयात त्यांनी मराठी घेतलेली नव्हती. त्या संकोचल्या, तेव्हा आम्हीच म्हणालो, “अहो, आपलीच तर भाषा!” पुढे वृत्ते व अलंकार मुलांनी केवळ व्याख्या म्हणून पाठ केले. जी गोष्ट भौतिकशास्त्राच्या बाबतीत आम्हांस हलगर्जी वाटली असती, तीच मराठीच्या बाबतीत आम्ही आपलेपणा मानली. आडनाव हीच पात्रता ठरली.

पदवी नसतानाही व्यासंगाने उत्तम शिकविणारे असतात, हे आम्हांस मान्य आहे. पण व्यासंगाला वेळ लागतो, ग्रंथ लागतात, जाणत्याचा सहवास लागतो. ते काहीही न पुरविता संस्था शिक्षकाच्या निष्ठेवर भार टाकते, तेव्हा अप्रामाणिकपणा संस्थेचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासमूहांतून शिक्षक वाटून घेण्याची वाट सुचविली आहे. आपल्या नगरांतील दोन-तीन शाळांना मिळून मराठीचा एक जाणकार शिक्षक नेमता येणार नाही काय? भाषेवरील प्रेम आपण बोलून पुष्कळ दाखविले. आता ते नेमणुकीतून दिसावे.