शाळेत येणारा साक्षीदार

बेंगळुरूच्या जयनगरमध्ये शाळांना तोटा नाही. १९४८ साली आखलेल्या या वसाहतीत थोडे चालले की एखादी शाळा लागतेच. जूनमध्ये पालकसभा सुरू झाल्या की चौथ्या ब्लॉकच्या बाजारात, बागेच्या बाकांवर, कन्नड, तमिळ, मराठी अशा सगळ्या घरांतले पालक एकमेकांना तेच विचारतात : कॅमेरे किती आहेत, बसमध्ये बाई असते का, आणि ‘गुड टच, बॅड टच’चा कार्यक्रम झाला का. शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला की सगळे निश्चिंत होतात. शिक्षण खात्याच्या तपासणीच्या फाइलमध्येही बहुधा तेवढेच लागते : संस्थेचे नाव, तारीख, मुलांची संख्या, दोन फोटो. मुलांच्या सुरक्षेची चर्चा इतक्यावर थांबते, हे मला मान्य नाही.

कॅमेऱ्यांबद्दल फार बोलायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा तिथले पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे खुद्द महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते. अशा वेळी होणारी फाशीची मागणी गुन्हा घडून गेल्यानंतरची असते. आणि संस्कारांची भाषा करणाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलीचे कोणते संस्कार कमी पडले ते सांगावे.

बदलापुरात मूल बोलले होते. घरच्यांनी त्याच्यावर विश्वासही ठेवला. अडले ते त्यापुढे. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा शाळेने माहिती कळवली नाही यावरही बोट ठेवले. मुलाला ‘बोल’ म्हणून शिकवणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाने या घटनेपाशी थांबून विचार करायला हवा.

शाळेवर बाहेरून नजर ठेवायची ती तपासणीने; पण तपासणीचे दुखणे तर फार जुने आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सांगितले होते की वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीने विशेष काही साधत नाही; तपासणी निदान तिमाहीला व्हावी, आणि एरवीही न कळवता शाळेत जावे. पुढे आयोग आले, शिक्षणहक्काचा कायदा आला, शाळांच्या मूल्यमापनाची ‘शाळासिद्धी’ आली. कळवून येणारा अधिकारी आणि त्याच्यासाठी आवरून ठेवलेली शाळा, हे चित्र मात्र फारसे बदललेले नाही.

बाहेरच्या संस्थांचे कार्यक्रम या तपासणीला मोठा आधार देऊ शकतात, असे माझे म्हणणे आहे. त्यावरचा सर्वांत प्रतिष्ठित आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो चांगल्या शिक्षकांकडून येतो म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. ते म्हणतात : मूल आम्हाला ओळखते. बाहेरची ताई तासभर येते, बाहुल्या दाखवते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी मूल रडले तर आम्हीच तिथे असतो. सुरक्षा ही नात्यातून येते; ती बाहेरच्यांवर सोपवता येत नाही.

यातला पहिला भाग खरा आहे. शेवटचे वाक्य मात्र मला धोकादायक वाटते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाच्या जागेवरची होती. म्हणजे ज्या नात्याला आपण कवच म्हणतो त्याच नात्यातून हात पुढे येतो. शिक्षकांवर संशय घ्या, असे मी म्हणत नाही. कोणत्याही एका नात्यावर मुलाचे सगळे रक्षण उभे करू नका, एवढेच म्हणतो.

दुसरे असे, की शिक्षकाची नोकरी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हातात असते. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला शिपायाबद्दल किंवा विश्वस्ताच्या नातेवाइकाबद्दल काही कळले, तर तिने कुठे जायचे? मुख्याध्यापकांकडे. तिथून पुढे काय होईल हे तिच्या हातात नसते. बाललैंगिक अत्याचारविरोधी ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखासाठी ती अधिक कडक आहे. तरीही संस्थेचे नाव, घरचा हप्ता आणि सहकाऱ्यांची मर्जी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाकडून एकट्याने धैर्य दाखवण्याची अपेक्षा करणे हा त्या शिक्षकावरच अन्याय आहे. नात्याचा आग्रह धरणारे मित्र शिक्षकाला मुलाचा जिवलगही करू पाहतात आणि स्वतःच्या संस्थेचा तपासनीसही. या दोन्ही जागा एकाच माणसाला पेलत नाहीत.

बाहेरची सगळी माणसे निर्धोक नसतात, हेही बेंगळुरूला सांगावे लागत नाही. जुलै २०१४ मध्ये मारतहळ्ळीजवळच्या एका शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार उघड झाला तेव्हा हे शहर रस्त्यावर उतरले होते; त्या प्रकरणात व्यायाम-प्रशिक्षकांना अटक झाली. म्हणून पोलीस पडताळणी हवी, एका वेळी दोघेजण हवेत, दार उघडे हवे. यावर वाद नाही.

वाद आहे तो बाहेरून येणाऱ्याच्या भूमिकेबद्दल. आज तो पाहुणा म्हणून येतो. शाळा त्याला बोलावते, त्याचे मानधन देते, शाल-श्रीफळ देते, आणि त्याचा अहवालही शाळेलाच मिळतो. त्याने साक्षीदार म्हणून यावे, असे मला वाटते. साक्षीदार आपले म्हणणे शाळेकडे नव्हे, शाळेच्या बाहेर नोंदवतो. कार्यक्रमानंतर एखादे मूल थांबून बोलले तर त्या गोष्टीची दिशा मुख्याध्यापकांच्या खोलीकडे नसते. पोलिसांकडे, बालकल्याण समितीकडे, १०९८ या बालमदत क्रमांकाकडे असते. बेंगळुरूत २००१ साली संगीता सक्सेना आणि शैब्या सलढाणा या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुरू केलेली एन्फोल्ड, मुंबईतली २००६ पासूनची अर्पण, अशा संस्थांकडे हे काम करण्याचे ज्ञान आहे. तपासणीच्या व्यवस्थेने त्यांना जागा द्यायला हवी : त्यांच्या नोंदी, मुलाचे नाव गुप्त ठेवून, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर थेट पोहोचल्या पाहिजेत.

मुलाचे म्हणणे शाळेबाहेर नोंदवण्याची ही कल्पना कर्नाटकाला परकी नाही. २००६ पासून इथल्या ग्रामपंचायतींत ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा, भरवण्याचा शासनादेश आहे. मुले उभी राहतात, शौचालयाला कडी नाही, शाळेच्या वाटेवर दारूचे दुकान आहे असे सांगतात, आणि पंचायतीला उत्तर द्यावे लागते. मुलाचे बोलणे तिथे शाळेच्या भिंतीबाहेर, नोंदीवर येते. खेड्यातल्या मुलाला जे मिळू शकते ते जयनगरसारख्या सुशिक्षित वस्तीतल्या मुलालाही मिळायला हवे, आणि इथले पालक ते मागत नाहीत याचे मला दुःख आहे.

बेंगळुरू दक्षिणच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कार्यक्रमाची तारीख विचारणे सोडावे. त्याऐवजी विचारावे : कार्यक्रमानंतर किती मुले बोलायला आली, त्यांतल्या किती गोष्टी शाळेबाहेर कळवल्या गेल्या, आणि किती दिवसांत? हजार मुलांच्या शाळेने वर्षानुवर्षे शून्य लिहिले असेल, तर त्या शून्याला आज चांगला शेरा मिळतो. २००७ चे आकडे डोळ्यांसमोर असलेल्या तपासनीसाने पुढची भेट त्याच शाळेला द्यावी, आणि ती न कळवता द्यावी.