वृक्षांचे दान

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७१ साली, मेणबत्ती विझून निकामी झालेल्या कोंडल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि दहा दिवसांनी त्याच हवेत ज्योत पुन्हा तेवताना पाहिली, तेव्हा त्यामागे त्याला ईश्वरी योजना दिसली. आणि वृक्ष परोपकारासाठीच जन्मतो हे तर आपल्या सुभाषितकारांनी केव्हाच मुक्रर करून टाकले आहे. मला हा निवाडा घाईचा वाटतो. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात जे बुडबुडे धरतात आणि सावलीत थांबतात, त्यांतला प्राणवायू पानाच्या हिशेबी निव्वळ टाकाऊ असतो. हरितद्रव्याने पकडलेल्या प्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडून त्यातले इलेक्ट्रॉन व हायड्रोजन कर्बवायूपासून साखर रचण्याकडे लावायचे आणि उरलेले बाहेर टाकायचे, एवढाच त्याचा कारभार. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी नीलहरित सूक्ष्मजीवांनी सोडलेला हाच वायू वातावरणात साठू लागला, तेव्हा कित्येक तत्कालीन जीवांना तो विषच ठरला असावा!

मग ज्यात देणाऱ्याचा संकल्पच नाही, त्याला दान म्हणावे काय? धर्मशास्त्र संकल्पाचे उदक सोडल्यावाचून दान पुरे मानीत नाही. आणि वृक्षाला निष्काम कर्मयोगी म्हणावे, तर कामनेच्या त्यागासाठी आधी कामना असावी लागते. ऋण मात्र घेणाऱ्याच्या खाती पडते, देणारा अजाण असला तरी. देव, ऋषी, पितर या तीन ऋणांत वनस्पतींचे नाव नाही. पण मनुस्मृतीतल्या नित्य बलिहरणात, उखळ-मुसळापाशी, त्यांचा भाग वेगळा काढून ठेवायला सांगितला आहे.