विकलेल्या बंदुकीचा पश्चात्ताप

वस्तु विकली, तिचे मोल घेतले, म्हणजे तिच्याविषयीची आपली जबाबदारी संपली, असे बाजारात समजतात. व्यवहाराच्या दृष्टीने हे पुष्कळ अंशी खरेही आहे. नाही तर कोणास काही विकताच येणार नाही. परंतु आपणांस देवापुढे हिशेब द्यावयाचा आहे असे जो मानतो, त्यास हा नियम पुरेसा आहे काय? ह्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करू इच्छितो, आणि त्यासाठी बंदुकीचे उदाहरण घेतो. कारण हातची गेलेली बंदूक पुढे काय करते हे फार काळ लपून राहत नाही.

बंदूक दिल्याचा खेद दोन प्रकारचा असतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आपल्या इकडे आहेत. अशा घरचा कोणी अडचणीत सापडून वडिलांची बंदूक विकतो, आणि दिवस पालटल्यावर चांगली वस्तु हातची घालविली म्हणून हळहळतो. ह्या खेदात पाप नाही, पण पुण्यही नाही. त्याचा विषय वस्तु हा आहे. दुसरा खेद ह्याहून निराळा. आपण दिलेल्या बंदुकीने कोणाचे काय झाले हे कळल्यावर जो होतो, त्याचा विषय मनुष्य हा आहे. त्याच खेदाविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

इ. स. १८१४ च्या नाताळाच्या दिवशी सॅम्युएल मार्सडेन ह्या पाळकांनी न्यूझीलंडात बे ऑफ आयलंड्स नामक उपसागराच्या काठी माओरी लोकांस उपदेश केला, आणि तेथे मिशनची वस्ती स्थापिली. तीत थॉमस केंडल हे शिक्षक, विल्यम हॉल हे सुतार आणि जॉन किंग हे जोडे शिवणारे व दोर वळणारे असे तिघे सहकुटुंब राहिले. अन्नासाठी त्यांस शेजारच्या माओरी लोकांवर अवलंबून राहावे लागे. कुऱ्हाडी व कुदळी देऊन ते बटाटे व डुकरे घेत. परंतु त्याच बंदरात देवमाशांची शिकार करणारी गलबते येत, आणि ती अन्नाच्या मोबदल्यात बंदुका देत. मग कुदळ कोण घेणार? मार्सडेन ह्यांनी व मिशनच्या मंडळाने बंदुकांच्या व्यापारास मनाई केली होती. तरी केंडल व त्यांचे काही सोबती बंदुका व दारू देऊन अन्न घेऊ लागले.

न्गापुही जमातीचा होंगी हिका हा सरदार मिशनचा मोठा आश्रयदाता होता. इ. स. १८२० त केंडल त्यास घेऊन इंग्लंडास गेले. तेथे केंब्रिज येथील पंडित सॅम्युएल ली ह्यांस त्यांनी माओरी भाषेचे व्याकरण रचण्यास साहाय्य केले. हे काम चांगले होते. राजा चौथा जॉर्ज ह्याने होंगीस भेटीही दिल्या. परंतु परत येताना सिडनी येथे होंगीने एक चिलखत ठेवून बहुतेक भेटी विकून टाकिल्या व शेकडो बंदुका मिळविल्या. मार्सडेन ह्यांच्या पाहुणचारात असताना त्यास विरुद्ध पक्षाचा हिनाकी नावाचा सरदार भेटला, तेव्हा घरी जाऊन लढाईची तयारी कर, असे त्याने हिनाकीस उघड सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. इ. स. १८२१ त होंगीने हिनाकीचा तट घेतला व हिनाकी मारला गेला. पुढच्या दोन वर्षांत वायकाटो व रोटोरुआ येथील लोकांवर तीच गत आली. पुष्कळ बायकामुले गुलाम करून आणिली गेली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका जमातीजवळ बंदुका आल्या, म्हणजे दुसरीस त्या घेणे भाग पडले. न घेईल तर तिचा नाश ठरलेला. मग बंदुकांसाठी बटाट्यांचे मळे व वाख काढण्याचे काम वाढले, आणि ते करावयास गुलाम हवे म्हणून आणखी स्वाऱ्या निघाल्या. साधारण इ. स. १८०७ पासून १८४० पर्यंत चाललेल्या ह्या लढायांत सुमारे वीस हजार लोक मेले असावे, असा अंदाज पुष्कळदा सांगण्यात येतो. ह्यावरून दिसते की, ज्याने एक बंदूक दिली त्याने एकच दिली असे नाही. तिच्यामागून दुसरीची गरजही त्याने दिली.

आता त्या मिशनरींच्या बाजूने काय म्हणता येईल ते पाहू. पहिले असे की, आम्ही दिली नसती तर गलबतवाल्यांनी दिलीच असती. हे खरे आहे. परंतु दुसरा पाप करील म्हणून ते आपण आधी करावे, हे शास्त्र कोणत्या शाळेतले? दुसरे असे की, लेकरे उपाशी होती. ह्या सबबीस आम्ही हसत नाही. भूक काय असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तिसरे असे की, बंदूक न दिली तर वस्तीच उठेल व सुवार्तेचे काम बुडेल. ही सबब सर्वांत कठीण, कारण ती पवित्र वस्त्र पांघरून येते. परंतु शांतीचा निरोप ज्या हाताने द्यावयाचा, त्याच हाताने दारूगोळा दिला, तर ऐकणाऱ्याने कोणता हात खरा मानावा?

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अकस्मात मनुष्यास मारिले तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे धन्यास पूर्वीच कळविले असून त्याने तो बांधून ठेविला नाही, तर धनी दोषी. आमच्या मते सर्व निवाडा ह्या एका शब्दात आहे: ठाऊक होते काय? लोहाराने कोयता विकला व घेणाऱ्याने रागाच्या भरात भावावर उगारिला, तर लोहारास दोष नाही. परंतु घेणाऱ्याच्या तोंडी सूडाची भाषा आहे हे ऐकूनही ज्याने कोयत्यास धार लावून दिली, त्याचे काय? होंगीचा मनोदय कोणापासून लपलेला नव्हता.

ह्या दोहोंच्या मधलीही एक स्थिती आहे. रशियातील मिखाईल कलाश्निकोव ह्यांनी आपली प्रसिद्ध बंदूक स्वदेशाच्या रक्षणासाठी रचिली; ती पुढे जगभर पसरली. इ. स. २०१३ त, चौऱ्याण्णव वर्षांचे असता, ते मरण पावले. त्यापूर्वी त्यांनी आपल्या मंडळीच्या प्रमुख धर्माध्यक्षांस पत्र लिहून विचारिले होते की, माझ्या बंदुकीने जे मेले त्यांच्या मृत्यूचा दोष मजवर आहे काय? मायदेशाच्या रक्षणासाठी असलेल्या शस्त्रास मंडळीचा पाठिंबा आहे, असे तिच्या वतीने सांगण्यात आले. त्या वृद्धाचा न्याय आम्ही करीत नाही. पण हा प्रश्न त्यास कोणत्याही न्यायाधीशाने विचारिला नव्हता. तो त्याच्या अंतःकरणाने विचारिला. असा प्रश्न ज्यास पडतो, त्याचे अंतःकरण जिवंत आहे.

मग झाले ते परतविता येते काय? गोळी परत येत नाही. यहूदाने रुपे परत केले, पण मुख्य याजकांनी त्याची पर्वा केली नाही, आणि तो एकटा जाऊन मेला. पौल म्हणतो त्याप्रमाणे जगाचे दुःख मरणाकडे नेते, व देवास अनुसरून झालेले दुःख पालट घडविते. तो पालट बे ऑफ आयलंड्स येथे कसा झाला? केंडल ह्यांस इतर कारणांबरोबर ह्या व्यापारामुळेही कामावरून दूर करण्यात आले. इ. स. १८२३ त हेन्री विल्यम्स हे तेथे आले व त्यांनी बंदुका देणे बंद केले. अन्नाची टंचाई झाली. ती त्यांनी सोसली, आणि अन्न दुसरीकडून आणिता यावे म्हणून इ. स. १८२६ त स्वतःचे गलबत बांधिले. हाच पश्चात्ताप; त्यास श्रम पडतात.

इ. स. १८३६ त तारोरे नावाची बारा वर्षांची ख्रिस्ती मुलगी स्वारीत मारली गेली, आणि तिचे माओरी भाषेतील लूकचे शुभवर्तमान मारेकऱ्याने नेले. तिचा बाप न्गाकुकू ह्याने सूड घेण्यास मनाई केली. पुढे ते पुस्तक मारेकऱ्यास रिपाहाऊ ह्याने वाचून दाखविले, व मारेकरी पालटला, असे सांगतात. हा वाचणारा पूर्वी न्गापुहींचा गुलाम होता. बंदुकांनी केलेली हानि ह्यामुळे भरून निघाली, असे कोणी म्हणू नये. तारोरे बापास परत मिळाली नाही.

आमचे बहुतेक वाचक बंदूक विकणारे नाहीत. तथापि भट्टीवाल्यास मोहाची फुले विकणारे, संतापलेल्या शेजाऱ्यास विषाची बाटली उसनी देणारे, राखणीची बंदूक परवाना नसलेल्याच्या हाती एका रात्रीपुरती देणारे आपल्या गावांत असतात. त्यांनी इतकेच करावे: वस्तु हातची सोडण्यापूर्वी घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे, आणि आपणांस काय ठाऊक आहे ते स्वतःस विचारावे. आणि जे देऊन चुकले आहेत, त्यांनी नुसते हळहळत बसू नये. तो पुरवठा आजच बंद करावा, त्यापायी घरात एक भाकर कमी पडली तरी. मग ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जावे, आणि त्याच्या घरच्या लेकरांसाठी आपल्या हातून काय होण्यासारखे आहे ते विचारावे.