न संपणाऱ्या चाली

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या फार थोड्या लोकांना कोजी कोंडो हे नाव माहीत असेल. पण त्यांनी बांधलेली एक चाल आमच्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. ती ज्या खेळातली, तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली जपानमध्ये आला. आपल्याकडे तो मे महिन्याच्या सुट्टीत पोहोचला, टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून आणि शेकडो खेळ असल्याचं छातीठोकपणे सांगणाऱ्या कॅसेटींमधून. ते संगीत ऐकायला म्हणून कुणी बसलं नाही. हात बटणांवर होते, डोळे पडद्यावर होते, आणि चाल आपोआप अंगात मुरत गेली.

एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो. एका आवर्तनाची ती सुरावट तासभरही तशीच फिरत राहते. तबलजी पेशकार मांडतो, कायदा उलगडतो, रेल्यात शिरतो आणि समेवर परत येतो. लेहरा नीरस असला तर मैफल खाली बसते, फार नटवा असला तर तबला झाकोळतो. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराचं काम मला याच जातीचं वाटतं. खेळणारा तबलजीच्या जागी असतो. तो किती वेळ वाजवणार, कुठे अडखळणार, कधी धावत सुटणार, हे संगीतकाराला चाल बांधताना ठाऊक नसतं. हे संगीत सिनेमाच्या पार्श्वसंगीताच्या रांगेत बसवलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. सिनेमात दृश्य किती सेकंदांचं आहे हे आधी ठरलेलं असतं. इथे वेळ दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

कोंडोंकडे साधनं किती होती? हा खेळ ज्यावर चाले त्या निन्टेंडोच्या यंत्रात पाच आवाज होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठीचा. यातला पाचवा मारिओत वापरलेलाच नाही. संपूर्ण खेळ, चित्रांसकट, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. एवढ्या जागेत लांबलचक रचना मावणार नव्हती, म्हणून थोडंच लिहायचं आणि ते सतत फिरवायचं, पण कान विटू द्यायचा नाही. जमिनीवर धावताना लॅटिन अमेरिकी ठेक्याची उसळती चाल, पाण्याखाली तीन मात्रांची तरंगती वॉल्ट्झ, भुयारात मोजके खर्जातले सूर आणि मधे मोकळी शांतता. घड्याळात शंभरापेक्षा कमी उरले की तीच चाल जास्त घाईने धावू लागते आणि तळहाताला घाम सुटतो.

यातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. आवाज मोजकेच असल्यामुळे उडीचा आवाज संगीतातल्याच एका चौकोनी लहरीची जागा घेतो. मारिओ उडी मारतो तेवढ्या क्षणापुरता संगीतातला एक सूर गप्प होतो. म्हणजे आम्ही जी चाल ऐकली, तिला आमच्याच उड्यांनी जागोजागी छिद्रं पाडलेली होती, आणि प्रत्येकाची छिद्रं वेगळ्या ठिकाणी होती. आज तीच चाल ध्वनिमुद्रणात अखंड ऐकताना मला ती किंचित परकी वाटते.

परकेपणाचं आणखी एक कारण आहे. जपानी टीव्हीवर सेकंदाला साधारण ६० चित्रं उमटत, आपल्या पॅल पद्धतीच्या टीव्हीवर ५०. या खेळात चित्र बदललं की संगीत एक पाऊल पुढे सरकतं, अशी रचना होती. त्यामुळे पॅलसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर जपानी खेळ लावला की सूर जवळपास तेच राहत, लय मात्र संथ होई. जपानी घरात पाच मिनिटांत जेवढं वाजे त्याला इथे सहा मिनिटं लागत. काही नकली यंत्रांमध्ये तर चौकोनी लहरींचा पोतच बदललेला असे. कोंडोंनी बांधलेली लय मी पुष्कळ उशिरा ऐकली, आणि ती मला घाईची वाटली. माझ्या मनातली मारिओची चाल ती संथ, जाडसर आवाजाचीच आहे, आणि तिला नकली म्हणायची माझी तयारी नाही.

लय खेळणाऱ्याच्या हातात देण्याची कल्पना मारिओच्याही आधीची. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खर्जातले चार उतरते सूर तेवढे फिरत राहतात, शत्रू कमी होत जातात तसे ते वेग घेतात. पुढे १९९१ मध्ये ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागासाठी मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची प्रणाली वापरात आणली. त्या खेळातल्या वुडटिक नावाच्या वस्तीत एका खोपटातून दुसऱ्यात गेलं की मूळ धून न तुटता नवं वाद्य, नवं वळण घेते आणि बाहेर पडताच पुन्हा मूळ रूपावर येते. प्रणाली योग्य जागा येईपर्यंत थांबते आणि मगच वळते. संगणकाला समेची वाट बघायला शिकवलं गेलं होतं.

पण मला सगळ्यात खोलवर भिडले ते नोबुओ उएमात्सु. संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेला हा माणूस ‘फायनल फँटसी’ या खेळांच्या मालिकेसाठी लिहीत होता. १९९४ च्या सहाव्या भागात त्यांनी चक्क एक ऑपेरा घातला. यंत्रात एकावेळी आठ आवाज, ध्वनीसाठी ६४ किलोबाइटची स्मृती, आणि गाणारा गळा नाहीच. जे ऐकू येतं तो कंठासारखा भासणारा कृत्रिम, शब्दहीन आवाज. शब्द पडद्यावर वाचायचे. सेलेस ही सेनानी एका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते, आणि पुढची ओळ कोणती हे खेळणाऱ्याने लक्षात ठेवून निवडायचं असतं. चुकीची ओळ निवडली की प्रयोग फसतो. त्यामुळे ते गाणं आपण ऐकत नाही, पाठ करतो. विंगेत उभ्या असलेल्या नटाची धाकधूक घेऊन. पुढे मोठ्या वाद्यवृंदांसह खऱ्या गायिकांनी ते गायलं, आणि ते देखणं आहे. तरी त्या गळा नसलेल्या यंत्राची गाण्याची धडपड मला जास्त हलवते. तिच्यात उरलेली जागा ऐकणाऱ्याला स्वतः भरावी लागते.

तीन वर्षांनी सातव्या भागात उएमात्सुंनी याहून मोठं काम केलं. या मालिकेत लढाई सुरू झाली की लढाईचं संगीत सुरू होतं. हा नियम खेळणाऱ्याच्या रक्तात भिनलेला असतो. खेळणाऱ्याच्याच गटातली एरिथ मारली जाते तेव्हा तिची पियानोवरची धून सुरू होते. लगेच राक्षसाशी झुंज जुंपते, आणि लढाईचं संगीत येत नाही. तीच धून चालू राहते. हात सवयीने हल्ले करत असतात, कान मात्र शोकात असतात. मला त्या लढाईत जिंकल्याचं काहीच वाटलं नाही, बटणं दाबायचीही इच्छा होत नव्हती. सिनेमात हे साधता आलं नसतं, कारण तिथे हात मोकळे असतात.

पुढच्या काळात साधनं वाढली, वाद्यवृंद आले, आणि पुष्कळसं गेम-संगीत सिनेमासारखंच भव्य आणि एकसुरी झालं असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद मला दोन महत्त्वाचे वाटतात. ‘माइनक्राफ्ट’साठी जर्मन संगीतकार डॅनियल रोझेनफेल्ड यांनी केलेलं संगीत बहुतेक वेळ वाजतच नाही. आपण माती खणत असतो, कितीतरी मिनिटं नुसती शांतता, आणि अचानक पियानोचे दोनचार सूर येऊन जातात. दुसरा ‘जर्नी’. २०१२ च्या या खेळात ऑस्टिन विंटोरी यांनी एकट्या चेलोला वाळवंटातल्या प्रवाशाचा आवाज केलं. वाटेत अनोळखी सोबती भेटतो, नाव नाही, बोलणं नाही, आणि चेलोभोवती हळूहळू वाद्यं जमत जातात. ग्रॅमीच्या दृश्यमाध्यमांसाठीच्या पार्श्वसंगीताच्या विभागात नामांकन मिळालेलं हे पहिलं गेम-संगीत. कोंडोंची मारिओची चाल २०२३ मध्ये आणि माइनक्राफ्टचं संगीत २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत घेतलं. मराठीत मात्र या संगीतावर गंभीरपणे लिहिलेलं माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. त्याचं संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचं आहे. त्यात भारतीय आणि बाल्कन प्रदेशातली वाद्यं एकत्र येतात. ते मला आवडतं. पण खेळताना राहून राहून वाटत होतं, की आवर्तन तासभर जिवंत ठेवायची, समोरच्याच्या हाताकडे बघत लय चढवायची तालीम तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शत्रू लांब असताना नुसता तानपुरा, तो जवळ आला की पखवाजाचा ठेका, गाठ पडली की दुगुन, आणि हे सगळं समेवरच बदलणारं. पुण्यातच असे खेळ बनतायत आणि पुण्यातच लेहरा धरणारी मुलं शिकतायत. त्यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी.