पाचवा माणूस

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मुंबईत एक आदेश वर्षभरात पुन्हापुन्हा निघत असतो. पाच किंवा अधिक माणसांनी जमायचं नाही, मिरवणूक काढायची नाही, तिच्यात ध्वनिक्षेपक नाही, वाद्यं नाहीत. राज्य सरकारच्या मंजुरीवाचून अशी मनाई पंधरा दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही, असं 1951 चा हा कायदाच सांगतो. त्यावरचा तोडगा सोपा आहे. मुदत सरत आली की नवा आदेश काढायचा. लग्नकार्य, अंत्ययात्रा, सोसायटीची सभा, सिनेमा-नाटक, शाळा, कारखाने यांना सूट असते. त्यामुळे गिरगावात किंवा दादरला राहणाऱ्या माणसाला आपण जमावबंदीत राहतो आहोत याचा पत्ताही नसतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, तेवढंच.

स्वातंत्र्य गेलं म्हटलं की आपल्याला 1975 आठवतं. मध्यरात्रीच्या अटका, कोरे सोडलेले अग्रलेख, कराडच्या साहित्य संमेलनात ठामपणे बोललेल्या दुर्गाबाई भागवत. आणीबाणीला तारीख होती, कर्ताकरविता माहीत होता. म्हणून तिच्याविरुद्ध उभं राहता आलं आणि ती संपलीही. पंधरा दिवसांच्या आदेशाविरुद्ध उभं कोण राहणार? या शहरातली मोकळीक कुणी एका रात्रीत हिसकावलेली नाही. ती एकेका मैदानावरून, एकेका वाजवी कारणासाठी, आणि बरेचदा आपल्याच अर्जावरून काढून घेतली गेली.

चौपाटी घ्या. ऑगस्ट 1920 मध्ये टिळकांना निरोप द्यायला मुंबई लोटली ती इथे. 1930 मध्ये कायदेभंगाचं मीठ इथल्याच पाण्यातून निघालं. पुढे न्यायालयाच्या आदेशांनी किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांना आळा बसला. रामलीला, गणेशविसर्जन असे मोजके अपवाद उरले. समुद्रकिनारा सगळ्यांसाठी मोकळा हवा, हे कारण नाकारण्यासारखं नव्हतंच. पण 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी राज्य सरकारला तिथेच मंच हवा झाला. उच्च न्यायालयाने नकार दिला, सरकार दिल्लीला गेलं, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 14 फेब्रुवारीच्या कार्यक्रमात त्या मंचाला आग लागली. आगीचं सोडा, तो अपघात होता. पण सरकारला जो वाळूचा तुकडा वकील लावून मिळाला, तो घरासाठी झगडणाऱ्या गिरणी कामगारांना सभेसाठी मिळाला असता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाजी पार्कची गोष्ट अधिक अवघड आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, अत्र्यांनी हे मैदान हसवलं आणि पेटवलं, शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा 1966 मध्ये इथलाच. आवाजाला कंटाळलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. आता खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाचे 45 दिवस, आणि तेही बरेचसे आधीच वाटून दिलेले. रहिवाशांची बाजू खोटी नव्हती. घरात आजारी माणूस असताना खिडकीखाली कर्णे लावले तर कोणाचंही डोकं फिरेल; मी तिथे राहत असतो तर मीही सही केली असती. गोम इथेच आहे. आवाज कमी करायला हवा होता. सभाच दुर्मीळ होऊन गेली. 2022 मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत मेळाव्यावरून जुंपली, तेव्हा महापालिकेने दोघांनाही परवानगी नाकारली आणि मैदान कोणाचं हे उच्च न्यायालयाला ठरवावं लागलं. ज्यांच्यामागे पक्ष आणि पैसा आहे ते कोर्टात जातात. बाकीचे सभा घेण्याचा विचारच सोडून देतात.

मोर्चांचंही तेच झालं. मंत्रालयाच्या आसपासच्या रहिवाशांनी 1997 मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि निदर्शनांची जागा आझाद मैदान ठरत गेली. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मोर्चा वस्तीतून चालत जायचा. गॅलरीतून पाहणारी बाई जिना उतरून त्यात सामील होऊ शकत होती. कुंपणाआडच्या निदर्शनांना असा वाटसरू भेटतच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मनोज जरांगे-पाटलांच्या आंदोलनाला आझाद मैदानात परवानगी मिळाली ती 5,000 माणसांची, एका दिवसाची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. ती मर्यादा पाळली गेली नाही, सीएसएमटीचा परिसर ठप्प झाला, लोकांचे हाल झाले, हे खरंच. पण जे हजारोंनी येतात त्यांच्याकडे निदान सरकारला पाहावं लागतं. मैदानाच्या कोपऱ्यात नियम पाळून बसलेल्या अंगणवाडी सेविकांकडे कोण पाहतं?

आणि गर्दीचं या शहराला मुळीच वावडं नाही. गणपतीत लालबाग-परळचे रस्ते रात्रंदिवस माणसांनी तुंबतात. त्यासाठी वाहतूक वळवतात, बंदोबस्त लावतात, सगळं बिनबोभाट होतं. व्हायलाच हवं. गंमत अशी की 1893 मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो काळ माणसांनी एकत्र येऊन काही बोलण्याचा होता. मेळ्यांची पदं, व्याख्यानं सरकारला खुपत होती. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस या हिशोबाने सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या, गोळीबार सोसून. त्या उत्सवातली गर्दी आपण जपली, वाढवली. तिचं बोलणं कधी थांबलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. भक्त म्हणून, गिऱ्हाईक म्हणून लाखोंनी या. नागरिक म्हणून पाचवा माणूस आला की अर्ज करा.

अशी सवय लागली की पुढची पायरी सोपी होते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाने चालवली. दादरला, परळला एकही नगरसेवक नव्हता. नाल्याची, पाण्याची तक्रार घेऊन लोक वॉर्ड ऑफिसात जात राहिले. पण आमचा प्रतिनिधी कुठे आहे, असं विचारत रस्ते भरून गेलेले कोणी पाहिले नाहीत. 1908 च्या गिरणगावात मताचा अधिकारही नव्हता, तरी माणसं सहा दिवसांचा पगार बुडवून बसली होती.

जानेवारी 2020 मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 चे जमावबंदीचे आदेश पुन्हापुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे आणि असे आदेश कारणांसह लोकांसमोर यायला हवेत. तोच न्याय कलम 37 ला लावायला काय हरकत आहे? गेल्या वर्षभरात असे किती आदेश निघाले, प्रत्येकामागे कोणतं कारण होतं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. जानेवारी 2026 च्या मतदानानंतर नगरसेवकही पुन्हा आले आहेत. आपल्या वॉर्डातल्या महापालिकेच्या एका तरी मैदानावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, नुसती आगाऊ सूचना देऊन सभा घेता यावी, एवढी मागणी त्यांच्याकडे लेखी द्या. आणि द्यायला जाताना पाच जण मिळून जा.