अर्धवट प्रतिकाराची किंमत

बेंगळुरूत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर आज ‘इम्युनिटी’ विकायला ठेवलेली असते. सिरप आहे, गोळ्या आहेत, गुळवेलीचा रस आहे. खिसा जड असेल तर घरी येऊन सलाइनमधून जीवनसत्त्वं चढवणारेही आहेत. कोविडनंतर हा बाजार फोफावला. सर्दी-पडशापुरताच असता तर त्यावर लिहायला बसलो नसतो. पण हाच सल्ला आता हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या गळी उतरवला जातो आहे. ‘प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून विषाणू राहिला, ती वाढवा, पुढे यकृताचा कॅन्सर होणार नाही,’ असं त्यांना सांगितलं जातं. मग माणूस व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी पुढे ढकलतो आणि काढा पित बसतो. विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या कॅन्सरबद्दल गेल्या काही दशकांत जे कष्टाने कळलं, त्याच्या नेमका उलटा हा सल्ला आहे.

तो लोकांना पटतो, कारण त्यामागे एक जुना आणि आदरणीय विचार उभा आहे. मेचनिकॉफने १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि फिरत्या पेशी त्याभोवती गोळा होताना पाहिल्या. एर्लिख, बर्नेट आणि थॉमस यांच्या हातून त्यातून अशी कल्पना घडली की प्रतिकारपेशी शरीरभर गस्त घालतात आणि बिघडलेली पेशी दिसताच खुडून टाकतात. कल्पना खोटी नाही. अवयव बदललेल्या किंवा एड्स झालेल्या रुग्णांत विषाणूजन्य कॅन्सर जास्त होतात. प्रतिकारपेशींवरचा ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करता येतो, यासाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. बेंगळुरूच्याच इम्युनील कंपनीने २०२५ मध्ये रक्ताच्या कॅन्सरसाठी कार-टी पेशींचा उपचार बाजारात आणला. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना ‘जितकी जास्त, तितकी बरी’ ही उडी कोणीही मारेल. यकृत मात्र या हिशेबात बसत नाही.

यकृताची गोष्ट विषाणूपासून सुरू झाली. ब्लुमबर्ग यांना सापडलेलं हिपॅटायटिस बीच्या आवरणाचं प्रथिन, ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, १९६० च्या दशकातलं. बीझली यांनी तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांचा पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं की हिपॅटायटिस बीच्या वाहकांना यकृताच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून जास्त असतो. गुन्हेगार सापडला, असंच सगळ्यांना वाटलं. पण दोन गोष्टी खुपत राहिल्या. रक्तात विषाणूंचा महापूर असूनही कित्येक वाहकांचं यकृत वर्षानुवर्षं शांत असतं, यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटी नॉर्मल येतो. म्हणजे हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. दुसरी गोष्ट वयाची. निरोगी प्रौढाला लागण झाली तर सुमारे ९५ टक्के वेळा तो काही महिन्यांत विषाणू झटकून टाकतो. आईकडून जन्मतःच लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के आयुष्यभराचे वाहक होतात आणि कॅन्सरचा मोठा वाटा त्यांच्याच पदरी येतो. विषाणू पेशी मारत नसेल, तर यकृताचा नाश करतं कोण?

उत्तर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतून आलं. नाकामोटो, गुइडोटी आणि किसारी यांनी असे उंदीर वापरले, ज्यांच्या यकृतात जन्मापासून हिपॅटायटिस बीच्या आवरणाची प्रथिनं तयार होत. त्यांचं शरीर ती प्रथिनं आपलीच मानायचं, त्यामुळे यकृत ठणठणीत असायचं. संशोधकांनी या उंदरांची थायमस ग्रंथी काढली, किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा संपवली आणि साध्या उंदरांची मज्जा त्यांच्यात बसवली. मग या प्रथिनाविरुद्ध आधीच तयार झालेल्या उंदरांच्या प्लीहेतल्या पेशी त्यांच्यात सोडल्या. या पेशींना यकृत परकं दिसलं. आधी जोराचा हिपॅटायटिस झाला. तो पुरता शमला नाही, मंद आचेवर धुमसत राहिला आणि सुमारे दीड वर्षात यकृतात कॅन्सरच्या गाठी आल्या. ज्या उंदरांना त्यांच्यासारख्याच, म्हणजे त्या प्रथिनाला सरावलेल्या पेशी दिल्या, त्यांच्यात असं काही झालं नाही. विषाणूचं प्रथिन दोघांतही तेच होतं. फरक होता तो फक्त प्रतिकारपेशींचा.

हा प्रयोग नेहमी चुकीचा वाचला जातो. काहीजण त्यातून एवढंच घेतात की प्रतिकारशक्तीच शत्रू आहे. बाकीचे त्याला उंदरांपुरती गंमत म्हणून बाजूला सारतात आणि जुन्या पाढ्याकडे परततात. दोघंही प्रतिकार ही कमी-जास्त होणारी एकच राशी मानतात, आणि चूक तिथेच आहे. पुढची वर्षं बघा. गुइडोटी आणि किसारी यांच्या १९९९ च्या चिंपांझींवरच्या अभ्यासात दिसलं, की पेशींचा फार नाश व्हायच्या आतच बराचसा विषाणू यकृतातून निघून जातो. प्रतिकाराचे रासायनिक संदेश यकृताच्या पेशीला न मारताही तिच्यातला विषाणू साफ करू शकतात. २००३ मध्ये चिंपांझींच्या सीडी-८ टी-पेशी तात्पुरत्या हटवल्या, तेव्हा विषाणू तसाच राहिला आणि यकृताचा आजारही थांबून राहिला. पेशी परतल्या, तशी दोन्ही कामं सुरू झाली: विषाणूचा निकाल आणि यकृताची इजा. म्हणजे वाचवणाऱ्या आणि इजा करणाऱ्या पेशी एकच आहेत. प्रश्न जोराचा नाही, काम तडीला जातं की नाही याचा आहे.

प्रौढाच्या शरीरात हे काम काही आठवड्या-महिन्यांत आटोपतं. वाहकाच्या यकृतात पुढे ते सुरू होतं, पण संपत नाही. टी-पेशी अधूनमधून हल्ला करतात, काही यकृतपेशी मरतात, विषाणू उरतो. मेलेल्यांची जागा घ्यायला उरलेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात. दाहातून निघणारी रसायनं त्यांच्या डीएनएला इजा करतात. भोवती तंतू साठत जाऊन सिऱ्होसिस होतो. हे दशकानुदशकं चालतं. तोवर त्या टी-पेशी दमलेल्या असतात, त्यांच्या अंगावर पीडी-१ सारखे ब्रेक लागलेले असतात. गाठ उगवते तेव्हा तिला खुडणारं कोणी नसतं. आजूबाजूच्या काही प्रतिकारपेशी तर तिलाच आसरा देतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतःचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत घुसवतो, तो दोष त्याचाच, आणि त्यामुळे कधीकधी सिऱ्होसिसशिवायही कॅन्सर होतो. पण १९८९ मध्ये सापडलेला हिपॅटायटिस सी असा घुसत नाही, तरी यकृताचा कॅन्सर तोही करतो. धुमसणाऱ्या दाहाला दोषातून वगळता येणार नाही, हे त्यावरून कळतं.

माणसातला पुरावा मला याहून बोलका वाटतो. २००४ मध्ये लियॉ आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस बीमुळे यकृत बरंच घट्ट झालेल्या ६५१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. लॅमिवुडिन घेणाऱ्यांपैकी ३.९ टक्क्यांना कॅन्सर झाला, औषधाविना राहिलेल्यांत ७.४ टक्क्यांना. हे औषध प्रतिकार वाढवण्यासाठी दिलं जात नाही. ते विषाणूच्या प्रती काढणं थांबवतं. मग पेशींना सतत डिवचणारं कारण कमी होतं आणि यकृत शांत होतं. धोका उतरला तो आग विझवल्याने. आज त्याहून सरस टेनोफोविर उपलब्ध आहे.

‘मग ब्रेक काढणारी औषधं यकृताच्या कॅन्सरमध्ये का देतात?’ असं कोणी विचारेल. ती देतात, आणि २०२० मधल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने आयुष्य वाढवलंही. पण तिथे कॅन्सर झालेला असतो, ठरावीक ब्रेक सोडवला जातो, हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूरोधक गोळी सोबत चालू राहते आणि यकृतावर नजर ठेवली जाते, कारण मोकळ्या सुटलेल्या पेशी यकृतालाही भाजून काढू शकतात. या उपचाराचं नाव घेऊन काढा विकणं म्हणजे फसवणूक आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतदाहाची नोंद केली. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती आली. अनेकांचं चित्र शरीराच्याच प्रतिकाराने यकृतावर उलटावं तसं होतं. आयुष मंत्रालयाने पहिल्या अभ्यासावर हरकत घेतली, तो वाद चालू राहो. पण आधीच धुमसणाऱ्या यकृतावर हा धोका कोणी का घ्यावा?

वनस्पतींना नाक मुरडावं असं मी म्हणत नाही. १९८६ च्या सुरुवातीला ब्लुमबर्ग बेंगळुरूतल्या भारतीय विज्ञान अकादमीत रामन अभ्यागत प्राध्यापक होते. नोबेल मिळवलेल्या याच माणसाचं नाव १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मधल्या भुईआवळीवरच्या शोधनिबंधावर होतं. काही वाहकांना भुईआवळी, काहींना औषध नसलेली पूड, आणि मग रक्त तपासून विषाणूचं प्रथिन गेलं का, हे पाहिलं. आकडे आशा वाटावेत असे होते: ३७ पैकी २२ जणांत ते दिसेनासं झालं. थायलंड आणि न्यूझीलंडमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा गुण दिसला नाही. प्रश्न नेमका होता, उत्तर तपासलं गेलं आणि ‘नाही’ आलं तेव्हा ते मान्यही झालं. ‘इम्युनिटी’च्या बाटलीला असा प्रश्न विचारताच येत नाही, ती नेमकं काय आणि कुठपर्यंत वाढवणार, हे कधी सांगतच नाही.

प्रतिकारपेशींवर विश्वास ठेवायचाच असेल, तर त्यांना वेळेवर, एकदाच, पुरतं काम द्यावं. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिलेली हिपॅटायटिस बीची लस हेच करते. तैवानने १९८४ मध्ये बाळांना लस द्यायला सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण लाखामागे ०.७० वरून दहा-बारा वर्षांत ०.३६ वर आलं. भारतात ही लस २०११ पासून देशभर लागू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये आपल्याकडे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता. त्यांना लसीचा आता उपयोग नाही. व्हायरल लोड, एसजीपीटी, यकृताचा घट्टपणा आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी त्यांच्या कामाची आहे, आणि गरज पडली तर रोजची एक गोळी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. वाहकाला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्याने आधी त्याचा व्हायरल लोड विचारावा. तो माहीत नसेल, तर सल्ला द्यायचा त्याला अधिकार नाही.